रॉकी माउंटन नॅशनल पार्क, फॉल आणि तंबू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती कोलोरॅडोतल्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे फॉलमध्ये (पानगळीच्या ऋतूत), गाडीने फिरून तंबूत मुक्काम करणाऱ्यांसाठी आहे. हॉटेलात उतरणार असाल तर यातलं निम्मं वाचलं नाही तरी चालेल. तंबूत राहणार असाल तर रात्रीची थंडी, गॅस आणि कुकर हे तीन प्रश्न आधी वाचा. लोक फसतात ते तिथेच.

नक्की कधी जावं?

२० सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर हा पंधरवडा धरा. अॅस्पेनची झाडं आधी उंचावर पिवळी पडतात आणि मग रंग हळूहळू खाली उतरतो. त्यामुळे पहिल्या आठवड्यात बेअर लेकच्या वरच्या वाटा आणि शेवटी एस्टेस पार्क या पूर्वेकडच्या गावाच्या आसपासचे उतार, असा क्रम ठेवावा. एका वादळी रात्रीत अख्खा उतार बोडका होऊ शकतो, म्हणून ‘पीक’चा, म्हणजे रंग ऐन भरात असण्याचा, नेमका दिवस गाठण्याच्या फंदात पडू नका.

लाल-केशरी मेपल डोळ्यांसमोर असतील तर व्हरमाँटला जा. इथे रंग मुख्यतः एकच, पिवळा. पण काळपट हिरव्या सूचिपर्णी झाडांमध्ये तो असा काही उठून दिसतो की दुसऱ्याची उणीव भासत नाही. अॅस्पेनच्या पानाचा देठ चपटा असतो, त्यामुळे वारा नसल्यासारखा असतानाही पानं थरथरत राहतात. देवळाच्या पारावरचा पिंपळ आठवावा, तशीच सळसळ.

किती दिवस लागतात आणि मार्ग कसा आखावा?

चार रात्री पुरतात. डेन्व्हरहून एस्टेस पार्क सुमारे ७० मैल, दीड तास. पहिल्या दोन-तीन रात्री पूर्वेला मोरेन पार्क कॅम्पग्राउंडमध्ये काढा. मग ट्रेल रिज रोडने डोंगर ओलांडून पश्चिमेला टिंबर क्रीक कॅम्पग्राउंडला उतरा आणि ग्रँबी, विंटर पार्क, बर्थूड पास असं करत डेन्व्हरला परत या. आलेला रस्ता पुन्हा तुडवावा लागत नाही.

ट्रेल रिज रोड सकाळी ओलांडा. एस्टेस पार्क ते पश्चिमेकडचं ग्रँड लेक गाव ४८ मैल आहेत, नुसतं चालवायला दोन तास पुरतात, पण थांबत-थांबत अर्धा दिवस सहज जातो. दुपारनंतर ढग जमतात आणि वर वारा इतका असतो की गाडीचं दार उघडताना हातातून सुटतं. दार धरूनच उघडा, विशेषतः शेजारी दुसऱ्याची गाडी उभी असेल तेव्हा.

ट्रेल रिज रोड अचानक बंद झाला तर?

फॉलमध्ये हे गृहीतच धरायचं. रस्ता १२,१८३ फुटांपर्यंत चढतो आणि त्यातले ११ मैल झाडांच्या रेषेच्या वर, उघड्या टुंड्रावर आहेत. खाली पाऊस पडत असेल तर वर बर्फ असतो. हिवाळ्यासाठी रस्ता साधारण ऑक्टोबरच्या मध्याला बंद होतो आणि मेअखेरीला उघडतो, पण सप्टेंबरातही एखाद्या बर्फाने तो काही तास किंवा एक-दोन दिवस बंद राहू शकतो.

निघायच्या दिवशी सकाळी ९७०-५८६-१२२२ या नंबरवर पार्कचा रेकॉर्ड केलेला संदेश ऐका. रस्ता बंद असेल तर एस्टेसहून ग्रँड लेकला जायला खालून, आय-७० महामार्ग आणि बर्थूड पासमार्गे मोठा वळसा पडतो. साधारण तीन तास धरा. बर्थूड पासही ११,३०७ फुटांवर आहे, म्हणजे तोही बर्फातून सुटलेला नाही. म्हणूनच पश्चिमेकडच्या मुक्कामाच्या दुसऱ्याच दिवशी परतीचं विमान ठेवू नका, नाहीतर ते गाठताना तोंडचं पाणी पळेल.

ओल्ड फॉल रिव्हर रोडने जावं का?

उघडा असेल आणि कच्च्या रस्त्याची भीती नसेल तर जरूर. १९२० मध्ये खुला झालेला हा जुना रस्ता ११ मैलांचा, एकेरी, फक्त चढाचा आहे आणि वेगमर्यादा ताशी १५ मैल. एकदा शिरलात की मागे वळता येत नाही. वर अल्पाइन व्हिजिटर सेंटरपाशी तो ट्रेल रिजला मिळतो. ट्रेलर किंवा मोठी आरव्ही (राहण्याची सोय असलेली गाडी) नेता येत नाही.

प्रवेशासाठी आधी वेळ आरक्षित करावी लागते का?

२०२४ आणि २०२५ मध्ये मेच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत लागत होती. बेअर लेकच्या रस्त्यासाठी पहाटे ५ ते संध्याकाळी ६, बाकी पार्कसाठी सकाळी ९ ते दुपारी २. या वेळांच्या आधी किंवा नंतर आत शिरलं की परवाना लागत नव्हता. तारखा आणि अटी दरवर्षी बदलतात, त्यामुळे आपल्या वर्षीचा नियम पार्कच्या संकेतस्थळावर वाचूनच निघा. कॅम्पग्राउंडचं आरक्षण असेल तर त्यात प्रवेशाची कोणती परवानगी येते तेही तिथेच बघा. बेअर लेकचा भाग सगळ्याच आरक्षणांत धरलेला नसतो.

गेटवर रोख पैसे घेत नाहीत. कार्ड लागतं.

भारतातून आलेल्या आई-बाबांचं वेगळं शुल्क आहे का?

आहे. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या, १६ वर्षं आणि त्यावरच्या पाहुण्यांना ११ पार्कांमध्ये नेहमीच्या प्रवेशशुल्काखेरीज माणशी १०० डॉलर जादा पडतात आणि रॉकी माउंटन त्या अकरांत आहे. त्याऐवजी अनिवासींचा २५० डॉलरचा वार्षिक पास मिळतो. याच सुट्टीत आई-बाबांना यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यनही दाखवायचं असेल तर पासचा हिशोब आधी करा. इथे राहणाऱ्यांचा ८० डॉलरचा पास दाखवताना अमेरिकेतलं फोटो ओळखपत्र जवळ ठेवा.

कोणतं कॅम्पग्राउंड निवडावं?

फॉलमध्ये निवडीला फारसा वाव उरत नाही. ग्लेशियर बेसिन, अॅस्पेनग्लेन, लाँग्ज पीक आणि टिंबर क्रीक सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत एकेक करून बंद होतात. वर्षभर उघडं राहतं ते फक्त मोरेन पार्क (८,१६० फूट), आणि थंडीत त्याचाही काही भागच. लाँग्ज पीकला फक्त तंबू चालतात. ते ९,४०० फुटांवर असल्यामुळे पहिल्याच रात्री तिथे झोपू नये.

टिंबर क्रीकला सावली नाही. पाइन बीटल या खोड पोखरणाऱ्या किड्याने झाडं मेली, ती कापावी लागली. उन्हाळ्यात लोक याबद्दल कुरकुरतात, पण फॉलच्या सकाळी पहिलं ऊन थेट तंबूवर येतं ते याच कारणाने.

आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्हवर सहा महिने आधी उघडतं आणि शनिवार-रविवार लगेच संपतात. आरक्षण हुकलं तर रोज सकाळी संकेतस्थळावर रद्द झालेल्या जागा पाहत राहा. हवामानाचा अंदाज बिघडला की आदल्या दोन दिवसांत बऱ्याच सुटतात. एका साइटवर जास्तीत जास्त ८ माणसं. तीन कुटुंबं एका साइटवर कोंबायचा बेत असेल तर आताच विसरा. गाडीत झोपायचं असलं तरी साइट घ्यावीच लागते, ट्रेलहेडच्या (पायवाट सुरू होते तिथल्या) पार्किंगमध्ये रात्र काढता येत नाही.

कोणत्याही कॅम्पग्राउंडमध्ये शॉवर नाहीत. अंघोळ एस्टेस पार्क गावात, पैसे देऊन. थंडी वाढली की पाइप फुटू नयेत म्हणून नळही बंद करतात, म्हणून ५ गॅलनचा (१९ लिटर) कॅन गाडीत असू द्या.

रात्री खरंच किती थंडी असते?

दुपारी टी-शर्टवर फिराल आणि पहाटे बाटलीतलं पाणी गोठलेलं असेल. सप्टेंबरअखेर मोरेन पार्कात पारा शून्याखाली जाणं हे नेहमीचंच.

बहुतेकांची पहिली चूक स्लीपिंग बॅगेत नसते, खालच्या गादीत असते. घरी पाहुण्यांसाठी ठेवलेली हवेची जाड गादी इथे आणतात. तिच्यात नुसती हवा असते, ती हवा खालच्या जमिनीइतकी गार होते आणि रात्रभर आतल्या आत फिरत पाठीची ऊब ओढून घेते. वर दोन रजया घातल्या तरी पाठ गारच. गादीवर ‘आर-व्हॅल्यू’ (थंडी अडवण्याची ताकद) लिहिलेली असते, ती ४ किंवा जास्त हवी. हवेचीच गादी असेल तर तिच्या खाली नव्हे, वर बंद पेशींच्या फोमची चटई टाका.

स्लीपिंग बॅग ‘कम्फर्ट’ उणे ७ सेल्सियस (२० फॅरनहाइट) असलेली घ्या. पिशवीवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बऱ्याचदा ‘लिमिट’चा असतो, त्या तापमानाला झोप लागत नाही. अंगाला सुती कपडे नकोत, घामाने ओलसर झाले की वाळत नाहीत. लोकरीची किंवा सिंथेटिक थर्मल घाला, कोरडे मोजे फक्त झोपण्यासाठी वेगळे ठेवा. आणि आईने बॅगेत कोंबलेली माकडटोपी हसण्यावारी नेऊ नका, तोंड उघडं आणि कान-मान झाकलेली अशी दुसरी सोय नाही. तोंड बॅगेच्या आत घेऊन झोपलात तर श्वासाची वाफ आतच मुरते आणि पहाटे बॅग दमट होते.

तीच गोष्ट तंबूची. थंडी म्हणून सगळ्या खिडक्या बंद केल्या की श्वासाची वाफ आतल्या कापडावर गोठते आणि ऊन लागलं की अंगावर ठिबकते. वरची झडप उघडी ठेवा. तंबूखालची ताडपत्री तंबूच्या कडेबाहेर डोकावता कामा नये, नाहीतर पावसाचं पाणी तीच तंबूखाली आणून सोडते. जमीन खडकाळ-मुरमाड आहे. तंबूबरोबर मिळणारे अॅल्युमिनियमचे पातळ खुंट वाकतात, लोखंडी खिळ्यांसारखे जाड खुंट आणि हातोडी न्या.

झोपताना स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण घट्ट लावून, बाटली मोज्यात घालून पायाशी ठेवा. फोन, पॉवरबँक आणि पाण्याचा फिल्टर बॅगेत घेऊन झोपा. फिल्टरमधल्या पोकळ तंतूंत पाणी गोठलं की ते फुटतात आणि बाहेरून काहीच कळत नाही.

सकाळी शेगडी पेटतच नाही. बिघडली का?

बहुधा शेगडी ठीक आहे, गॅस चुकीचा आहे. एका बर्नरच्या चपट्या टेबल-शेगडीला लागणाऱ्या लांबट डब्यात ब्युटेन असतो. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, म्हणजे त्याहून गार झाल्यावर डब्यात द्रवच राहतो आणि वर वायू येत नाही. डबा हलवला तर भरलेला वाटतो आणि ज्योत मात्र मिणमिणती.

प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतो. म्हणून फॉलमध्ये दोन बर्नरची प्रोपेन शेगडी आणि १६ औंसांचे हिरवे सिलिंडर घ्या. दोन्ही बर्नर पूर्ण उघडे ठेवले तर एक सिलिंडर सुमारे तासभर चालतो. चार माणसं, तीन दिवस, चहा आणि दोन वेळचं जेवण यासाठी तीन सिलिंडर आणि एक जास्तीचा. विमानात नेता येत नाहीत, उतरल्यावर विकत घ्या.

कितीही वारा असला तरी तंबूत शेगडी पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

डाळ शिजत नाही, भातात कणी राहते. काय करावं?

उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. मोरेन पार्कात ते ९२ अंशांच्या आसपासच खळाखळा उकळू लागतं. ज्योत वाढवली तर पाणी आटेल, तापमान वाढणार नाही. उघड्या पातेल्यातली तूरडाळ तास-दीड तासानेही दाताखाली टचटचीत लागते, आणि तेवढ्यात अर्धा सिलिंडर जातो.

कुकर न्या. तीन लिटरचा पुरे. समुद्रसपाटीला कुकरमध्ये साधारण १२१ अंश गाठले जातात, इथे ११६च्या आसपास. म्हणून घरी तीन शिट्ट्या घेत असाल तर इथे पाच घ्या. शिट्टीच्या आधी गास्केट आणि जाळी बघून घ्या, रिंग कडक झालेली असेल तर थंडीत ती हमखास वाफ सोडते. वाऱ्यात पहिली शिट्टी यायलाच फार वेळ लागतो, शेगडीचे दोन्ही पंख उभे करून पाठ वाऱ्याकडे करा.

तुरीऐवजी मूग किंवा मसूर घेतलीत तर भांडण मिटतं, अर्धा तास भिजवली की तीन शिट्ट्यांत मऊ. भात पातेल्यातच करायचा असेल तर अर्धा तास भिजवून, एका वाटीला अडीच वाट्या पाणी, झाकणावर वजन आणि शेवटी दहा मिनिटं टॉवेलात गुंडाळून ठेवा.

सकाळसाठी पोहे सगळ्यांत सोयीचे. पाणी उकळावं लागत नाही, कांदा-मिरची घरून चिरून डब्यात आणलेली असली की दहा मिनिटांचं काम. उपम्याचा रवा घरूनच भाजून आणा. रात्री मेतकूट-भात किंवा कुकरमधली खिचडी. कोलोरॅडोची थंडी आणि तुपाची धार यांचं छान जमतं. भारतीय किराणा डेन्व्हरच्या उपनगरांतच भरून घ्या, एस्टेसमध्ये सुपरमार्केट आहे पण तिथे कढीपत्त्याची आशा धरू नका.

जाता जाता: चिवड्याची आणि वेफर्सची पाकिटं वर चढताना फुग्यासारखी फुगतात. एका कोपऱ्याला टाचणी टोचा. सनस्क्रीनची ट्यूब उघडताना तोंड दुसरीकडे करा.

अस्वलं येतात का? मसाल्याच्या वासाचं काय?

येतात. कोलोरॅडोत ग्रिझली नाहीत, काळी अस्वलं आहेत, आणि फॉलमध्ये ती हिवाळ्याच्या झोपेसाठी चरबी साठवायला दिवसभर खात असतात. त्यांच्या लेखी लोणच्याची बरणी, टूथपेस्ट, लहान मुलाची बॉडी लोशन, रिकामा कूलर, तेलकट शेगडी हे सगळं अन्नच. यातलं काहीही तंबूत ठेवायचं नाही. साइटजवळ लोखंडी पेटी असेल तर तिच्यात, नसेल तर गाडीच्या डिकीत, नजरेआड, काचा पूर्ण वर करून.

फोडणीचा वास लांब जातो हे खरं, पण तो विरतो. अस्वल बोलावतात ती खरकटी भांडी. घासण्याआधी शितं-डाळ गाळून कचऱ्यात टाका आणि पाणी ठरवून दिलेल्या सिंकमध्ये ओता. झाडाच्या बुंध्याशी ओतलेलं वरणाचं पाणी तुमच्यानंतर येणाऱ्याच्या साइटवर अस्वल आणतं.

एल्कचा आवाज कुठे ऐकायला मिळेल?

सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मोरेन पार्क, हॉर्सशू पार्क आणि पश्चिमेला कावुनीची खोऱ्यात, सूर्यास्ताच्या आगेमागे. एल्क हा सांबराच्याच कुळातला, पण आकाराने मोठा. एवढ्या धिप्पाड नराच्या गळ्यातून धीरगंभीर डुरकणी येईल असं वाटतं आणि येते लांबलचक किंचाळणारी शीळ, शेवटी दोन-तीन हुंकार. मोरेन पार्कात मुक्काम असेल तर पहाटे गजराची गरज नाही.

१ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबर या काळात संध्याकाळी ५ ते सकाळी १० या कुरणांत पायी उतरायला बंदी असते. रस्त्यावरून किंवा आखलेल्या वाटेवरूनच बघा. एल्क आणि बिगहॉर्न मेंढ्यांपासून किमान ७५ फूट, मूस (एल्कहूनही मोठं हरीण) आणि अस्वलापासून १२० फूट अंतर. माजावर आलेला नर गाडीलाही शिंगं लावतो. आणि मूस शांत उभा दिसला म्हणून फसू नका, कान मागे पाडले की गाडीत बसा.

आई-बाबांना उंचीचा त्रास होईल का?

कोणालाही होऊ शकतो, तब्येतीने ठणठणीत तरुणालाही. मुंबईहून थेट आलेल्यांनी पहिली रात्र डेन्व्हरला (५,२८० फूट) काढावी, दुसरी-तिसरी मोरेन पार्कला आणि मगच ट्रेल रिज. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं इथपर्यंत विश्रांती आणि पाणी यांनी भागतं. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला थांबत नसेल, चालताना झोक जात असेल किंवा बोलणं असंबद्ध होत असेल तर सकाळची वाट न बघता लगेच खाली उतरा आणि दवाखाना गाठा. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. व्हिजिटर सेंटरपासूनचा छोटा जिनाही इथे दम काढतो, मध्ये थांबायला लाजू नये.

गाडीची काय तयारी हवी?

पार्कात पेट्रोल पंप नाही. एस्टेस किंवा ग्रँड लेकला टाकी भरा. थंडीत दर १० अंश फॅरनहाइटला टायरमधली हवा साधारण १ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) उतरते, त्यामुळे पहाटे टायरचा दिवा लागला तर घाबरू नका, पण मोजून बघा. भाड्याच्या गाडीचे टायर कसे आहेत ते घेतानाच विचारा, पॅसेंजर गाडीला बर्फात चढवायचं काम टायर करतात, इंजिन नव्हे.

उतारावर खालच्या गिअरमध्ये या. ऑटोमॅटिकमध्येही ‘एल’ किंवा मॅन्युअल मोड असतो. ब्रेकवर पाय ठेवूनच उतरलात तर खाली पोचेपर्यंत जळका वास येतो आणि पेडल मऊ पडतं. तसं झालं तर थांबा आणि ब्रेक आपोआप गार होऊ द्या, वर पाणी ओतू नका. ट्रेल रिजवर बऱ्याच ठिकाणी कठडे नाहीत. ज्यांना दरीची भीती वाटते त्यांना डोंगराच्या बाजूला बसवा, पूर्वेकडून जाताना आणि परतताना ती बाजू बदलते.

पश्चिमेकडे एवढी जळकी झाडं का दिसतात?

ऑक्टोबर २०२० मधल्या ईस्ट ट्रबलसम वणव्याची ती खूण. जवळपास १ लाख ९४ हजार एकर जळले, आणि आगीने खंडविभाजक रेषाही (पाणी पूर्वेला वाहणार की पश्चिमेला हे ठरवणारा डोंगरमाथा) ओलांडली. एस्टेस पार्क गाव रिकामं करावं लागलं होतं. उभी राहिलेली मेलेली झाडं वाऱ्यात आवाज न करता पडतात. त्यांच्याखाली डबा खायला बसू नका, तंबू तर नकोच.

शेकोटी करता येते का?

साइटवरच्या लोखंडी चौकटीत, बंदी नसेल तेव्हा. लाकूड गावातूनच विकत घ्या. आसपासची वाळकी फांदी उचलायला मनाई आहे आणि बाहेरच्या राज्यातून आणलेल्या लाकडातून कीड येते. झोपताना पाणी ओतून राख हाताला गार लागेपर्यंत ढवळा.

फोन लागतो का? कुत्रा, ड्रोन चालतो का?

फोन बहुतेक ठिकाणी लागत नाही, नकाशे आधीच उतरवून ठेवा. कुत्रा रस्त्यावर आणि कॅम्पग्राउंडमध्ये चालतो, ट्रेलवर नाही. ड्रोनला बंदी. आणि कोलोरॅडोत गांजा कायदेशीर असला तरी पार्क केंद्र सरकारच्या हद्दीत आहे. व्हिसावर असणाऱ्यांनी या वाटेला जाऊच नये.

शेवटच्या सकाळी तंबू ओलाच आहे, काय करू?

उन्हाची वाट बघायला वेळ नसेल तर आधी बर्फाचा थर हाताने झटका, मग बाहेरचं कापड वेगळ्या कचऱ्याच्या पिशवीत भरा, आतला तंबू वेगळा. एकत्र गुंडाळलं तर कोरडा भागही भिजतो. घरी पोचल्यावर त्याच संध्याकाळी खोलीत किंवा गॅलरीत दोरीवर टाका. दोन दिवस डिकीत राहिला तर बुरशीचा वास बसतो आणि तो धुऊनही जात नाही.